वकीलबाईंना विचारा : फ्रीजवाला तुरुंग आणि फाटकाबाहेरचा पहिला महिना

मागच्या अंकात आग्वादच्या जुन्या तुरुंगाच्या संग्रहालयावर सचित्र लेख होता. लेखकाने शेवटी सहज एक वाक्य टाकलं होतं, की नॉर्वेसारखे देश कैद्याला माणूस करून परत पाठवतात, आपण नुसते कोंडतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी गठ्ठा उचलून माझ्या टेबलावर आणून टाकला. म्हापशाच्या कोर्टात फौजदारी खटले चालवणारी आणि विधी सेवेतर्फे कोलवाळच्या तुरुंगात जाणारी या मासिकाकडे मी एकटीच. त्यातली काही पत्रं इथे घेते आहे. नावं छापलेली नाहीत.

"माझं मोबाइलचं दुकान दोनदा फोडलं. दुसऱ्या वेळी सापडलेला मुलगा त्याआधी दोनदा आत जाऊन आलेला. आणि तुम्ही नॉर्वेच्या तुरुंगाचं कौतुक छापता, जिथे कैद्याच्या खोलीत फ्रीज आणि टीव्ही आहे! माझ्या स्वतःच्या मुलाच्या खोलीत फ्रीज नाही. आत चार दिवस त्रास निघाला तर परत जायची भीती वाटेल की नाही?" – दुकानदार, म्हापसा

दुकान तुमचं फुटलं, भुर्दंड तुम्ही भरलात, तेव्हा तुम्हाला क्षमेचे पाठ द्यायला मी बसलेली नाही. पण तुमच्याच पत्रातली एक गोष्ट धरते. हा मुलगा आधी दोनदा आत होता. तिथे फ्रीज नव्हता. बराकीत कोपराला कोपर लावून झोपायचं, संडासाला रांग, आमटीत डाळ शोधायची आणि दिवसभर हाताला काम नाही. तुम्ही म्हणता तो त्रास त्याने दोनदा काढला आणि मगच तो तुमच्या शटरपाशी आला.

आता नॉर्वे. हाल्डेनचा तुरुंग २०१० साली उघडला. खोलीत फ्रीज आहे, टीव्ही आहे, स्वतंत्र न्हाणी आहे, खिडकीला गज नाहीत. सगळं खरं. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की भोवती उंच काँक्रीटची भिंत आहे आणि सकाळी उठून कामाला नाहीतर वर्गाला जावंच लागतं. स्वातंत्र्य काढून घेतलं हीच शिक्षा, तिच्यावर आणखी शिक्षा चढवायची नाही, हे तिथलं सूत्र. शिकवणारे, औषध देणारे, पुस्तकं देणारे तुरुंग खात्याचे नोकर नसतात. गावच्या शाळेतला मास्तर आणि गावच्या दवाखान्यातला डॉक्टरच आत येतो. त्यामुळे कैदी सुटला की बाहेर निदान दोनचार ओळखीची तोंडं असतात, आणि ती पोलिसांची नसतात. पहारेकऱ्यालाही दोन वर्षं शिकल्याशिवाय किल्ल्या मिळत नाहीत. फ्रीज हा या सगळ्यातला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग आहे, पण फोटो त्याचाच निघतो.

आकडे सांगते. नॉर्वेत २००५ साली सुटलेल्यांपैकी साधारण २० टक्के लोक दोन वर्षांच्या आत नव्याने दोषी ठरले. त्याच २००५ साली अमेरिकेतल्या ३० राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांपैकी ६८ टक्के लोकांना तीन वर्षांत आणि ८३ टक्के लोकांना नऊ वर्षांत पुन्हा अटक झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लेख तयार होतो. मला मात्र उलटतपासणीची खोड आहे. एकीकडे दोषी ठरलेले मोजलेत, दुसरीकडे नुसती अटक झालेले. एकीकडे दोन वर्षं, दुसरीकडे तीन. शिवाय नॉर्वेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यालाही काही दिवस आत बसवतात, आणि तो माणूस तसाही बाहेर येऊन कुणाचं दुकान फोडणार नसतो. फरक आहे, चांगला मोठा आहे, पण सांगतात तेवढा नाही.

आणि आता तुमच्या बाजूचा साक्षीदार मीच उभा करते. सिंगापूर. तिथे वेताचे फटके आहेत आणि ५०० ग्रॅमहून जास्त गांजाच्या तस्करीला फाशी आहे. तिथे १९९८ साली सुटलेल्यांपैकी ४४ टक्के लोक दोन वर्षांत परत आत आले होते. अलीकडे तोच आकडा २०च्या आसपास घुटमळतो, म्हणजे नॉर्वेच्या पंक्तीला. झालं ना तुमचं म्हणणं सिद्ध? नाही झालं, कारण वेत १९९८ सालीही होताच. मधल्या काळात वाढलं ते निराळं. कैदी आत असतानाच नोकरी देणाऱ्या मालकांशी गाठ घालून देणं, शिक्षेचा शेवटचा तुकडा बाहेर राहून, कामावर जाऊन भोगू देणं, सुटल्यानंतर काही महिने पाठपुरावा करणारा माणूस नेमणं. २००४ पासून पिवळ्या फितीची मोठी मोहीम तिथे चालते, लोकांनी सुटून आलेल्याला दारात उभं करावं म्हणून.

हाल्डेन मऊ, सिंगापूर कडक. दोन्हीकडे सारखी गोष्ट एकच दिसते: रात्री कुठे पाठ टेकायची आणि सोमवारी कुठे कामाला जायचं, हे फाटक उघडण्याआधी ठरलेलं असतं. अमेरिकेच्या त्याच पाहणीत ४४ टक्के लोक पहिल्या वर्षातच पुन्हा पकडले गेले होते. ते वाचून मला नवल वाटलं नाही. माझ्या अशिलांचं काय होतं ते बघते ना. सुटकेचा कागद कोर्टातून तुरुंगात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. माणूस प्लास्टिकची पिशवी घेऊन अंधारात हमरस्त्यावर येतो. घरचे फोन उचलत नाहीत, जुना मालक ओळख दाखवत नाही. ज्याचा फोन लागतो तो आतला सोबती असतो, आणि त्याच्याकडे काम असतं. कसलं काम ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या सरकारकडे फ्रीजही मागू नका आणि चाबूकही मागू नका. तुमच्या चोराला सुटकेच्या दिवशी कोण भेटणार, हे विचारा. आणि हो, तुमच्या नुकसानीचं. नव्या न्याय संहितेत एक बरी तरतूद आली आहे. पाच हजारांहून कमी किमतीची चोरी असेल, पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा होते. तुमच्या चोराला ती लागू नाही, तो जुना खेळाडू. पण तो पहिल्यांदा सापडला तेव्हा ही तरतूद असती, तर कदाचित त्याची आतली दोस्ती झालीच नसती.

"आमच्या नववीच्या वर्गातली चारपाच मुलं हाताबाहेर चालली आहेत. त्यांना एकदा कोलवाळचा तुरुंग आतून दाखवून आणावा, दोन कैद्यांनी चांगलं झापावं, असं पालकसभेत ठरतंय. परवानगी कशी मिळते?" – शिक्षिका, डिचोली

परवानगी कशी मिळते ते मी सांगणार नाही, कारण नेऊच नका.

तुमची कल्पना फार जुनी आहे आणि फार वेळा तपासूनही झाली आहे. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात १९७०च्या दशकात जन्मठेपेचे कैदी अशा मुलांना समोर बसवून त्यांच्या अंगावर ओरडत, आत काय काय होतं ते शिव्यांसकट ऐकवत. मुलं रडत. १९७८ साली त्यावर माहितीपट निघाला, तो गाजला आणि गावोगाव हा उपाय सुरू झाला. मग काही संशोधकांनी सरळ चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट केले, एक तुरुंग पाहिलेला आणि एक न पाहिलेला. पुढे गुन्हे जास्त केले ते तुरुंग पाहून आलेल्यांनी. एकदा नव्हे, निरनिराळ्या ठिकाणी हेच निघालं. पुढच्या आढाव्यांत तर स्पष्ट लिहिलं आहे की काही न करणं यापेक्षा बरं.

कारण काय असेल ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. वर्गातल्या चार मुलांना निवडून "तुम्ही तुरुंगवाले" म्हणून बसमध्ये घातलं, तर परत येताना ती काय होऊन येतील? आग्वादला न्यायचं असेल तर सगळ्या वर्गाला न्या. आणि कोर्टात न्या. खुल्या कोर्टात कुणालाही बसता येतं. जामिनाच्या अर्जांची सकाळ दोन तास पाहिली की मुलांना कळतं, सिनेमातल्यासारखं इथे कुणी ओरडत नाही. सगळा वेळ वाट पाहण्यातच जातो.

"मॅडम, एल साल्वादोरने करून दाखवलं. गँगवाल्यांना उचललं, चाळीस हजारांचा एक तुरुंग बांधला, खून बंद. आपल्याकडेच मानवाधिकार आडवे का येतात?" – बी.ए.चा विद्यार्थी, पणजी

खून कमी झाले हे खरं आहे, आणि ते नाकारून तुमच्याशी वाद घालणं लबाडी होईल. २०१५ साली त्या देशात लाखामागे शंभरावर खून होत होते. आज तिथली म्हातारी संध्याकाळी दुकानात जाऊ शकते. ज्याने टोळीला हप्ता भरला आहे त्याला कैद्याच्या हक्कांबद्दल विचारा, तो तुम्हाला दारातून हाकलेल.

पण थोडं मागे जा. २०१५चा तो आकडा २०२१पर्यंत विसाच्या खाली आलेला होता. आणीबाणी लागली मार्च २०२२मध्ये, एका शनिवार-रविवारच्या आसपास ८७ माणसं मारली गेली तेव्हा. चाळीस हजारांचा तुरुंग त्यानंतर, २०२३ साली उघडला. म्हणजे उताराचा मोठा भाग आधीचा, आणि उरलेला कैदेचा म्हणू.

आता त्याची किंमत. त्या देशात लाखामागे सोळाशेहून जास्त माणसं आत आहेत. हा जगातला सर्वांत वरचा आकडा. आपल्याकडे तो चाळीसच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची वस्ती साडेचौदा लाख. एल साल्वादोरच्या हिशेबाने तेवीस हजारांवर गोंयकार आत हवेत, बायामुलं धरून साठांतला एक. तुमच्या वाड्यावर मोजून बघा कोण कोण जाईल, आणि कुणाच्या सांगण्यावरून जाईल. २०२४ साली त्यांच्याच राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की आठ हजार निरपराध लोकांना सोडून दिलं. त्या मोठ्या तुरुंगात भेट नाही, शिक्षण नाही, बाहेर पडण्याचा बेतच नाही. तिथे फाटकाचा प्रश्न त्यांनी फाटक बंद ठेवूनच सोडवला आहे. तो किती वर्षं चालेल ते पुढचं सरकार सांगेल.

दुसरं टोक फिनलंडचं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांच्याकडे लाखामागे दोनशेच्या जवळपास कैदी होते, शेजारच्या स्वीडन-नॉर्वेच्या कितीतरी पट. त्यांनी काही दशकं शांतपणे, फारसा गाजावाजा न करता शिक्षा कमी केल्या, दंड आणि सशर्त शिक्षा वाढवल्या आणि १९९०च्या दशकात तो आकडा साठच्या घरात आणला. त्या काळात गुन्हे वाढले, आणि ते जसे स्वीडन-नॉर्वेत वाढले तसेच वाढले. कैदी कमी केल्याचा वेगळा परिणाम दिसला नाही. हे उदाहरण कुणी तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नाही.

"पोर्तुगालमध्ये जन्मठेपच नाही, असं वाचलं. मग आमच्या स्वातंत्र्यसैनिकांना सव्वीस-सव्वीस वर्षांच्या शिक्षा झाल्या त्या कशा?" – निवृत्त बँक कर्मचारी, मडगाव

मडगावकरांनाच हा प्रश्न सुचावा! पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठी फाशी १८६७ साली रद्द केली आणि जन्मठेप १८८४ साली. युरोपात तेव्हा याचं मोठं नाव झालं. आजही तिथे २५ वर्षांच्या पलीकडे शिक्षा नाही. याचा झटका आपल्याला २००५ साली बसला. अबू सालेमला पोर्तुगालने आपल्या ताब्यात दिलं ते भारत सरकारकडून फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैद नाही, असं लिहून घेऊन. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की दिलेला शब्द पाळावा लागेल.

आणि हाच देश हुकूमशहा सालाझारच्या काळात काय करत होता? कागदावर जन्मठेप नव्हती, पण राजकीय कैद्याची शिक्षा संपली तरी "सुरक्षेचा उपाय" या नावाखाली मुदत पुन्हा पुन्हा वाढवता येत होती. शिवाय समुद्रापार पाठवायची सोय होती. १९४६च्या चळवळीनंतर टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. सावईवेऱ्याला मराठी शिकवणारे मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले, त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९ डिसेंबर १९६१ला मोकळा झाला, आणि रानडे लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगातून सुटले १९६९च्या जानेवारीत. देश सुटून सात वर्षं झाली तरी माणूस आतच. आग्वाद आणि पेनिश, दोन्ही किल्ल्यांत आज संग्रहालयं आहेत आणि लोक तिथे आईस्क्रीम खात फिरतात, ते एका परीने बरंच आहे.

यातून मी एवढंच घेते, की कुठल्या देशाचा कायदा दयाळू आहे हे वाचून तिथला तुरुंग कळत नाही. आजच्या पोर्तुगालातही कमाल शिक्षा कमी आहे, पण कैदी प्रत्यक्षात आत राहतात तो काळ युरोपच्या सरासरीहून बराच लांब आहे.

"माझा मुलगा कळंगुटला हॉटेलात वेटर होता. मालकाचे पैसे गेले म्हणून केस झाली. एक वर्षाच्या वर झालं, कोलवाळला आहे. जामीन मंजूर झाला असं वकील म्हणाले, पण गोव्यातला जामीनदार पाहिजे म्हणतात. गोव्यात आमचं कोण नाही. आत त्याला काही शिकवतात का? सुधारून येईल का?" – एक आई, दोडामार्ग

ताई, पहिली गोष्ट. तुमचा मुलगा दोषी ठरलेला नाही. तो कच्चा कैदी आहे. त्याला सुधारायचं की शिक्षा करायची, हा प्रश्न अजून आलेलाच नाही, तेव्हा तो मनातून काढून टाका.

आता करायचं काय ते सांगते. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामिनाबाबत सूचना दिल्या आहेत. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही, तर तुरुंगाच्या अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि सुटका अडण्याचं एक मोठं कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे आहे, तेव्हा कोर्टांनी ती अट घालू नये, असं त्यात सुचवलं आहे. दोडामार्गचा सातबारावाला काका चालायला हवा. तुमच्या वकिलांना हा आदेश दाखवून अट बदलण्याचा अर्ज करायला सांगा. ते टाळाटाळ करत असतील तर १५१०० या क्रमांकावर फोन लावा किंवा उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. पैशांची अडचण असेल तर गरीब कैद्यांसाठी २०२३ची केंद्राची योजना आहे, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत मिळू शकते. तिचाही अर्ज तिथेच द्या. आणि हेही टिपून ठेवा, की नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं. नोकराने केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे ती मुदत दोन वर्षं चार महिने. तिथपर्यंत थांबायची पाळी येऊ नये.

बाकीच्या वाचकांसाठी. मला या गठ्ठ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच वाटतं. २०२२च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली जवळजवळ ७६ टक्के कच्ची. शंभर जणांच्या जागेत १३१ जण. आपण नॉर्वे की अमेरिका म्हणून भांडतो ते उरलेल्या चोवीस जणांविषयी. या शहात्तरांची शिक्षा ठरलेली नाही, काम सक्तीचं नाही, शिकवणीचे वर्ग बहुतेक पक्क्या कैद्यांचा हिशेब धरून आखलेले, कारण कच्चा कैदी उद्या सुटेल असं सगळे धरून चालतात. तो उद्या दीड वर्षाने येतो. नॉर्वेचंही याच ठिकाणी पितळ उघडं पडतं बरं का. खटल्याआधीच्या कैद्यांना एकटं डांबून ठेवण्यावरून त्यांना आंतरराष्ट्रीय समित्यांचे बोल खावे लागले आहेत. हाल्डेनचे फोटो काढणारे त्या बाजूला फिरकत नाहीत.

"आपल्या मातीत असं काही कधी नव्हतंच का? सगळं परदेशातूनच आणायचं?" – निवृत्त तलाठी, सावंतवाडी

होतं की, आणि तुमच्यापासून फार लांबही नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली औंध संस्थानच्या राजांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियरच्या पुढाकाराने, तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही, शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. बास्टॉय हे नॉर्वेचं नावाजलेलं बेट १९८२ साली तुरुंग झालं. हिशेब तुम्हीच करा, तलाठीसाहेब.

राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला १९६३पासून खुलं शिबिर चालू आहे. जन्मठेपेचे कैदी सकाळी हजेरी देऊन बाहेर कामाला जातात, संध्याकाळी परततात, घरखर्च स्वतः चालवतात. महाराष्ट्रात पैठण आहे. अडचण एकच, की तिथे जायला आधी शिक्षेचा मोठा तुकडा बंद तुरुंगात काढावा लागतो आणि जागा थोड्या. चांगला कैदी झाल्यावर मिळणारं बक्षीस असं त्याचं रूप झालं आहे, चांगलं होण्याची जागा असं नाही. ब्राझीलमध्ये १९७२ साली सुरू झालेले काही तुरुंग आहेत जिथे किल्ल्या कैद्यांच्याच हातात असतात, शस्त्रधारी पहारा नाही. त्याच ब्राझीलच्या साओ पावलोतल्या कारांदिरू तुरुंगात १९९२ साली पोलिसांनी १११ कैदी मारले. एकाच देशात, एकाच काळात. तेव्हा देशादेशांची तुलना करताना जरा जपून, एवढंच.

"आमची बेकरी आहे. गावातला एक मुलगा तुरुंगातून सुटून आलाय, काम मागतो. बायको नको म्हणते. आत तो बेकरीतच काम शिकला असं सांगतो. ठेवू का?" – बेकरीवाला, साळगाव

ठेवा, पण डोळे उघडे ठेवून.

आधी त्याच्या खटल्याचा निकाल मागून घ्या. गावात ऐकलेलं आणि निकालात लिहिलेलं यात पुष्कळ अंतर असतं. गुन्हा काय, कुणाविरुद्ध, दारूच्या भरात की ठरवून, हे वाचलं की तुमच्या बायकोलाही ठरवता येईल. गल्ल्यावर पहिल्या दिवशी बसवू नका, ते त्याच्या आणि तुमच्या, दोघांच्या हिताचं. पहाटेची पाळी द्या. बेकरीचं काम रात्री दोनला सुरू होतं हे या धंद्याचं दुखणं आहे, पण त्याला तेच उपयोगी, कारण जुन्या संगतीची वेळ तीच असते. दुसऱ्या कामगारांना खोटं सांगू नका आणि गिऱ्हाइकांना काहीच सांगू नका. मजुरी इतरांइतकीच द्या. उपकार म्हणून कमी पैशांत राबवायचं असेल तर ठेवूच नका, तो महिनाभरात जाईल आणि तुम्ही म्हणाल, बघा, होताच तसा. अमेरिकेतल्या सगळ्या अभ्यासांचा २०१३ साली आढावा घेतला गेला, त्यात आत शिकलेल्यांची परत येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. तेव्हा तो पाव भाजायला आत शिकला असेल तर ती गोष्ट त्याच्या बाजूची धरा. एखादी भट्टी लावून दाखवायला सांगा, उंडे कसे फुगतात ते कळेलच.

आणि पहिले दोन महिने पगार आठवड्याला द्या, महिन्याच्या शेवटी नको. त्याच्याकडे बसचे पैसे नसतात, उधार कुणी देत नाही, आणि जो देतो त्याचं तो ऐकतो.